बाथरूममधला डावा आरसा

“डॉक्टरकाका, तुम्ही कोंबडी खाता का?”

प्राण्यांचा दवाखाना, टेबलावर टॉवेलमध्ये गुंडाळलेली कोंबडी, तिचा मोडलेला पाय हातात, आणि तोंडात हा प्रश्न! विचारणारी आमची छोटी. दाराशी तिच्या दोन मैत्रिणी, चष्मिस आणि लंबू, तोंडावर हात दाबून उभ्या होत्या. “तू विचारूच शकत नाहीस,” अशी पैज त्यांनीच लावली होती. गेल्या वर्षापर्यंत ते खरंही होतं. दुकानात साधी वही मागायची तरी छोटी आईच्या पाठीमागून बोलायची. पण नववीत गेली आणि तिला जणू कंठ फुटला.

डॉक्टरांनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. “खातो,” ते म्हणाले. “पेशंट सोडून. पाय नीट धर.”

मित्रांनो, खरं सांगायचं तर मी तिथे नव्हतो. मी तेव्हा एका खणात अंधारात पडलो होतो. पण हा किस्सा पुढे मी इतक्या वेळा ऐकला, डॉक्टरांच्या आवाजासकट आणि चष्म्यासकट, की मीही तिथेच होतो असं मला आता वाटतं. मी एक जुना आरसा आहे. भिंतीवरचा नव्हे, कपाटाचाही नव्हे. स्कूटरचा. त्यातही डावा.

डावा हे मुद्दाम सांगतो, कारण आम्ही जोडीने जन्मतो. कारखान्यात आमची काच तापवून किंचित फुगीर करतात, पाठीला चकचकीत मुलामा देतात, त्यावर काळा रंग मारतात आणि गोल कवचात घट्ट बसवतात. त्या फुगीरपणामुळे माझ्यात जग लहान दिसतं, पण जास्त मावतं. उजवा आणि मी एकाच खोक्यातून आलो. एकाच हँडलवर, जेमतेम दोन हातांच्या अंतरावर अख्खं आयुष्य काढलं. पण दोघांचीही तोंडं मागे, त्यामुळे एकमेकांना कधी पाहिलं नाही. ब्रेक लागला की दोघंही एकदम थरथरायचो. त्यावरून कळायचं, आहे तो तिकडे.

स्कूटर छोटीच्या बाबांची. राखाडी रंगाची, थंडीत चार लाथा खाल्ल्याशिवाय सुरू न होणारी. बाबा तेव्हा कुणाचे बाबा नव्हते. कामावर पोचले की माझ्यात वाकून भांग पाडायचे. मग मागच्या सीटवर आई आली. ती खांद्यावरून माझ्यात डोकावून केस सारखे करायची, आणि बाबा मागची बस बघायचं सोडून तिलाच बघायचे. मग पुढे उभं राहायला छोटी आली. ती मला बिस्कीट भरवायची. ओलं बिस्कीट माझ्या काचेला चिकटायचं आणि बाबा रुमाल काढत म्हणायचे, “अगं, त्याला डोळे आहेत, तोंड नाही!”

ते माझे कामाचे दिवस. एकदा मी बाबांना भरधाव ट्रक वेळेवर दाखवला, तेव्हा घरी येऊन त्यांनी माझं कौतुकही केलं. पण एक गोष्ट मनात राहून गेली. लोक माझ्याकडे अर्धा क्षण बघतात. तेही मला नाही. माझ्यात त्यांना मागचं बघायचं असतं.

एका अरुंद गल्लीत उजवा भिंतीला घासला आणि फुटला. त्याच्या जागी नवा आला. चौकोनी, माझ्याशी काही संबंध नसलेला. ब्रेक लागला की तो वेगळाच थरथरायचा. पुढे स्कूटरच मोडीत गेली. भंगारवाला तिला ढकलत न्यायला लागला तेव्हा बाबांनी त्याला थांबवलं, पान्याने मला काढलं आणि म्हणाले, “असू दे. कधीतरी उपयोगी पडेल.”

त्या खणातल्या प्रत्येकाला हेच सांगून ठेवलेलं होतं. कुलूप हरवलेल्या किल्ल्या, सुकलेली पेनं, संपलेले सेल, हातमोज्यांच्या जोडीतला उरलेला एक. सगळे कधीतरीची वाट बघत होते. मित्रांनो, अंधारात आरसा काय असतो माहीत आहे? काहीच नसतो. समोर कुणी नसलं की माझ्यात काही उरत नाही. अशी आठ वर्षं गेली.

मग एक दिवस खण इतक्या जोरात उघडला की किल्ल्या उडाल्या. छोटीचा हात आत आला.

आता कोंबडीबद्दल सांगतो. घरामागच्या अंगणात आईने पाच कोंबड्या पाळलेल्या. कोंबड्यांमध्ये नंबर असतात, हे मला मागाहून कळलं. दाण्यांवर आधी कोण, पाण्यावर आधी कोण, झोपायच्या दांडीवर कुणाची जागा कुठली, सगळं ठरलेलं. पहिली हेडबाई. ती चोच मारल्याशिवाय कुणाशी बोलत नाही. शेवटली भित्री, तिला स्वतःच्या सावलीचाही धाक. आणि बरोबर तिसरी ती मधली. पुढे दोन, मागे दोन. ना कुणाच्या अध्यात ना मध्यात. त्या दिवशी वाऱ्याने अंगणाचं लोखंडी फाटक धाडकन आपटलं आणि मधलीचा पाय त्यात सापडला. पाय मोडला, मांडीला ही एवढी जखम झाली.

“पेपरवाल्याने कडी उघडी टाकली असणार,” बाबा म्हणाले. दुसऱ्या दिवशी त्यांनी पेपरवाल्या काकांना फाटकातच गाठलं. “अहो, कडी लावायला हात दुखतात का?”

“लावतो हो मी, साहेब,” काका म्हणाले. “रोज लावतो.”

डॉक्टरांनी आइस्क्रीमच्या दोन काड्यांनी पाय बांधला होता. जखम कोमट मिठाच्या पाण्याने धुवायची, मलम लावायचं, ड्रॉपरने औषध द्यायचं, ऊबदार आणि शांत जागी ठेवायचं. आणि आरसा. “कोंबडी एकटी पडली की झुरते, खाणं सोडते,” असं ते म्हणाले. “समोर आरसा ठेव.” पुढेही ते काहीतरी म्हणाले होते. ते मला फार उशिरा कळलं.

घरात शांत जागा एकच. बाथरूम. छोटीने आधी आईचा मोठा हात-आरसा आणून ठेवला. मधलीने आपल्याएवढीच कोंबडी समोर पाहिली, मान फुगवली आणि अशी काही झेप घेतली की दुखऱ्या पायावर आपटली. म्हणून मग खण, म्हणून मग मी. छोटीने मला फ्रॉकला पुसलं, नळाखालच्या कोपऱ्यात टेकवून उभं केलं आणि म्हणाली, “हा घे. हा लहान आहे. घाबरू नकोस.”

माझ्यात सगळं लहान दिसतं, सांगितलं ना? मधलीला माझ्यात एक छोटीशी कोंबडी दिसली. तिच्यापेक्षा कितीतरी लहान, आणि तिचाही पाय बांधलेला. मधलीने मान एका बाजूला केली. तिनेही केली. मधली खुरडत पुढे आली, माझ्यापुढे बसली आणि घशातल्या घशात ‘कुक’ असं काहीतरी म्हणाली. मग वाटीतला मक्याचा एक दाणा उचलून तिने खाल्ला. दोन दिवसांतला पहिला घास. छोटी आनंदाने किंचाळली आणि तिने नळावरचा पाण्याचा मगच खाली पाडला.

मित्रांनो, त्या दिवशी आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी माझ्यापुढे बसून राहिलं. मागचं बघायला नाही. अर्धा क्षण नाही. तासन् तास. माझी काच तिच्या श्वासाने धूसर व्हायची.

छोटीने शुश्रूषा केली ती मात्र अशी की डॉक्टरांनीही मान डोलवावी. सकाळी शाळेआधी जुने पेपर बदलायचे. जखम धुताना गाणं म्हणायचं, म्हणजे मधलीचं लक्ष दुसरीकडे राहतं म्हणे. मला वाटतं, ती गाण्यालाच जास्त घाबरायची. ड्रॉपर चोचीच्या बाजूने हळूच, थेंब थेंब. दुसऱ्या आठवड्यात तिने एका टॉवेलला दोन भोकं पाडली, त्यातून मधलीचे पाय खाली सोडले आणि टॉवेल दोन स्टुलांच्या मध्ये झोक्यासारखा बांधला. पाय जमिनीला जेमतेम टेकतील, भार पडणार नाही. डॉक्टरांना हा झोका दाखवला तेव्हा ते म्हणाले, “हे मी सांगितलं नव्हतं. पण आता इतरांना सांगेन.”

घरच्यांचे हाल विचारू नका. बाबा आंघोळीला जाताना रोज ओरडायचे, “अगं, हिचं तोंड भिंतीकडे कर! बघते ती!”

“बाबा, कोंबडी आहे ती.”

“म्हणून काय झालं? मला लाज आहे ना!”

दर रविवारी स्वयंपाकघरातल्या काट्यावर मधलीचं वजन व्हायचं. आई कपाळावर हात मारायची. “ज्या काट्यावर मी पीठ मोजते, त्यावर कोंबडी? घासून दे तो. दोनदा.” आणि स्वतःच चष्मा लावून आकडा वाचायला पुढे यायची.

संध्याकाळी छोटी दार लावून, बादली उपडी घालून माझ्या शेजारी बसायची. बाहेर रस्त्यावर दोन सायकलींच्या घंट्या वाजायच्या. चष्मिस आणि लंबू. “येतेस का?” छोटी खिडकीतून ओरडायची, “पंक्चर आहे!” घंट्या दूर जायच्या. तिची नवी सायकल जिन्याखाली चादर पांघरून उभी होती. मला आधी वाटलं, असेल पंक्चर.

एकदा घंट्या दूर गेल्यावर ती मधलीच्या पाठीवर हात ठेवून हळूच म्हणाली, “मी लावली नव्हती गं कडी. सायकल काढायच्या घाईत होते. दोघी पुढे निघाल्या होत्या ना.” डॉक्टरांना ‘कोंबडी खाता का’ विचारणारी ती मुलगी, पण हे एक वाक्य तिला स्वयंपाकघरापर्यंत नेता येत नव्हतं. ते तिने फक्त दोघांना सांगितलं. एकीला बोलता येत नव्हतं आणि दुसऱ्याला तोंड नव्हतं.

तिसऱ्या आठवड्यात पाय टेकायला लागला, तशी छोटीने मधलीला अंगणात नेलं. मी बाथरूममध्ये होतो. मला फक्त आवाज आले. आधी शांतता, मग हेडबाईची ती चिरकी हाक, मग पंखांची फडफड, आईचं “अगं, उचल, उचल तिला!” मधली परत आली ती तुऱ्यातून रक्त गळत. कुणीच तिला ओळखलं नव्हतं. तिची तिसरी जागा मागच्यांनी पुढे सरकून भरून टाकली होती. आणि आई म्हणाली ते मला विसरता येत नाही. मार खाताना मधली दुसऱ्या कोंबड्यांकडे गेलीच नाही. ती नळाजवळच्या चकचकीत बादलीकडे धावली आणि तिच्यापुढे बसून राहिली.

“नाही जायचं हिने कुठे,” छोटी तुऱ्याला मलम लावत म्हणाली. “हिला इथे काय कमी आहे?”

मला सांगायला लाज वाटते, मित्रांनो, पण मला बरं वाटलं. आठ वर्षं खणात काढलेल्याला विचारा. मला वाटलं, राहू दे. ती माझ्यापुढे बसेल, मी तिला एक मैत्रीण देत राहीन. तिच्याबरोबर मान वळवणारी, कधी चोच न मारणारी, कधी आधी न खाणारी. खोटी तर खोटी.

चौथ्या रविवारी काट्याचा आकडा थोडा कमी भरला. पाचव्या रविवारी अजून कमी.

“पाय बरा, जखम भरली,” आई म्हणाली. “वाटी रोज रिकामी होते. मग जातं कुठे सगळं?”

मला माहीत होतं कुठे जातं. मला सगळं दिसत होतं आणि सांगता येत नव्हतं.

त्याच सकाळी छोटीने कोपरा घासायला म्हणून मला उचललं. आणि तशीच उकिडवी बसून राहिली. माझ्या खालून घरंगळून पाठीमागे, भिंतीच्या सांदीत, दाण्यांचा ढीग साचला होता. मका, सूर्यफुलाच्या बिया. ओलीमुळे काहींना मोड आले होते. एका दाण्याला तर बोटभर हिरवं पान फुटलं होतं. पाच आठवडे मधली रोज निम्मे दाणे चोचीत धरून आणत होती आणि माझ्यातल्या त्या छोट्या कोंबडीपुढे ठेवत होती. ‘कुक, कुक’ करून बोलावत होती. ती लहान होती ना. तिने आधी खावं म्हणून ही थांबायची.

छोटीच्या हातात मी वर होतो, तिथून मला खालची मधली दिसत होती. तिने आपली मैत्रीण गायब झालेली पाहिली. ती लंगडत कोपऱ्यात गेली. मी जिथे उभा होतो तिथे मागे डोकावली. ओली भिंत. दुसऱ्या बाजूने डोकावली. परत भिंत. मग दाण्यांच्या ढिगाशी उभी राहून तिने हाक मारली. एकदा. थांबली. परत मारली.

मी कधीच इतका रिकामा नव्हतो. खणातसुद्धा.

छोटीने मला मांडीवर उलटं ठेवलं, त्यामुळे तिचा चेहरा मला दिसला नाही. फक्त आवाज आला. “चार दिवस म्हणाले होते डॉक्टर,” ती म्हणाली. “‘चारच दिवस आरसा. मग तिच्यातलीच एखादी गरीब कोंबडी सोबतीला आण, बाकीच्यांना जाळीपलीकडून रोज दिसू दे. पंधरा दिवसांत घरचे लोकसुद्धा पाहुण्यासारखे बघायला लागतात.’ मी घरी येऊन फक्त आरशाचं सांगितलं.” मग नाक ओढून म्हणाली, “मला वाटलं, इथे असली की पुन्हा काही होणार नाही हिला.”

मित्रांनो, मी काही मोठा शहाणा नाही. लोकांना मागचं दाखवण्यात माझं आयुष्य गेलं. पण इतकं मी पाहिलं आहे. कुणी दुखावलेलं असलं तर त्याचा पाय बांधा, जखम धुवा, मलम लावा, आणि झोका करता आला तर तोही करा. पण तेवढ्यावर थांबू नका. तो ज्या रांगेतून उठून तुमच्याकडे आला, तिथे त्याला परत नेऊन सोडा. तिथे चोची असतील. तरीही न्या. त्याला आरशापुढे बसवून बाहेरून दार लावू नका. आणि एखादा आरसा आनंदाने तुमच्या जवळ राहायला तयार असला, तरी त्याच्या आनंदावर जाऊ नका. मी हे माझ्याविरुद्ध सांगतो आहे, तेव्हा खरं माना.

आई-बाबा स्वयंपाकघरात टेबलाशी चहा घेत होते. छोटी दारात उभी राहिली. एका हातात मी, दुसऱ्या मुठीत मोड आलेले दाणे, काखेत मधली. फ्रॉक ओला.

“आई, बाबा, मला बोलायचंय. मध्ये बोलू नका, नाहीतर माझं राहून जाईल.”

“आधी तिला खाली ठेव,” आई म्हणाली. “टेबलावर नको!”

“आई!”

“बरं, बोल.”

तिने दाणे टेबलावर ओतले. “हिचं खाणं इथे जात होतं. आरशातल्या कोंबडीला भरवत होती ही.”

आईने एक दाणा उचलून पाहिला.

“आणि फाटकाची कडी मी उघडी ठेवली होती. सायकल काढताना. सायकल पंक्चर वगैरे काही नाही. पेपरवाल्या काकांनी रोज लावली होती.”

बाबांचा कप हवेतच राहिला. “पाच आठवडे,” ते हळूच म्हणाले. “पाच आठवडे मी त्या माणसाशी नीट बोललो नाही.”

“मला माहीत आहे. उद्या सकाळी मी फाटकाशी उभी राहणार. मीच सांगणार त्यांना.”

“मीही येतो,” बाबा म्हणाले. “माझंही देणं लागतं तिथे.”

“या. पण आधी मी बोलणार.” छोटीने मधलीला जमिनीवर सोडलं. मधली लंगडत दाराच्या उजेडापर्यंत गेली आणि उंबऱ्याशी थांबली. बाहेर हेडबाई माती उकरत होती.

“परत टोचतील गं तिला,” आई म्हणाली.

“टोचतील. मी ठरवलंय. आजपासून मधली बाहेर. मध्ये जाळी लावायची, अलीकडे ही आणि भित्री, पलीकडे बाकीच्या. मी तिथेच बसून अभ्यास करणार. रक्त आलं तर मलम लावीन, पण उचलून बाथरूममध्ये आणणार नाही. तिचा कितवा नंबर लागेल तो लागू दे.”

बाबांनी माझ्याकडे बोट केलं. “आणि हा? परत खणात?”

मी श्वास रोखला असता, मला श्वास असता तर. छोटीने मला ओल्या फ्रॉकलाच पुसलं, डोळ्यांसमोर धरलं, आणि अर्ध्या क्षणापेक्षा बराच जास्त वेळ माझ्याकडे पाहिलं.

“नाही. तुमचा पाना द्या, बाबा. उद्यापासून मी शाळेत सायकलने जाणार. फाटकाची कडी लावून. आणि हा डाव्या हँडलला लागणार.”